कंपन्यांना विकली जाणारी समुपदेशन सेवा : मुंबईतल्या एचआरने काय तपासून घ्यावं

अंधेरी, बीकेसी, लोअर परळ, ऐरोली, ठाणे. या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या एचआरकडे आता विमा दलालांइतक्याच नेमाने ईएपीवाले येतात. ईएपी म्हणजे एम्प्लॉई असिस्टन्स प्रोग्राम. कंपनी वर्षाचे पैसे भरते आणि कर्मचाऱ्याला, बहुतेक करारांत त्याच्या घरच्यांनाही, समुपदेशकाशी विनाशुल्क बोलता येतं. सोबत ॲप, ध्यानाच्या ध्वनिफिती, वेबिनार, व्यवस्थापकांचं प्रशिक्षण आणि तिमाही अहवाल असा संच येतो. हे परीक्षण एखाद्या विक्रेत्याचं नाही, या सेवेच्या प्रकाराचं आहे. मुंबईत तिच्या जोडीला फुकट किंवा नाममात्र खर्चात जे मिळतं त्याचाही विचार इथे केला आहे.

मत आधीच सांगून टाकू. सेवा घेण्यासारखी आहे, पण पैसे तीनच गोष्टींसाठी मोजावेत : फोन उचलणारा माणूस, बोललेलं बाहेर न जाण्याची हमी, आणि समुपदेशन पुरेसं नसेल तेव्हा डॉक्टरपर्यंत पोचवण्याची सोय. ॲपमधली ध्यानधारणा, दहा ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं व्याख्यान, बुधवारचा योगवर्ग हे सगळं असलं तर असू द्या. त्यावर करार ठरवू नये.

पहिला फोन

या सेवेचा कस पहिल्या फोनला लागतो. फोन करणारा माणूस बरेच दिवस मनाची तयारी करून फोन करतो. तिथे मेनू ऐकवला, मग कर्मचारी क्रमांक विचारला, मग 'आमचा प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधेल' असं सांगितलं, तर तो पुन्हा फोन करत नाही. म्हणून करार करण्याआधी चाचणी कॉल करावेत. विक्रेत्याला आधी कळवून करावेत, नाहीतर खऱ्या गरजूची लाइन अडते. कळवल्यावर ते सावध होतील ही भीती रास्त आहे. त्यामुळे फक्त आठवडा सांगावा, वेळ सांगू नये. एक कॉल कामाच्या दिवशी दुपारी, एक शनिवारी रात्री अकराच्या पुढे, एक पहाटे. तिन्ही वेळा मराठीत बोलायला सुरुवात करावी आणि चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : माणूस किती मिनिटांत आला, मराठीत बोलू शकला का, नाव आणि कंपनी विचारण्याआधी 'काय झालंय' हे विचारलं का, आणि जिवाला धोका आहे का याची चौकशी केली का.

शेवटची गोष्ट अनेकदा राहून जाते. प्रशिक्षित समुपदेशक पहिल्याच बोलण्यात थेट विचारतो : जगू नये असं वाटतं का, काही करायचं ठरवलं आहे का, आत्ता सोबत कोण आहे. असं विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उलट न विचारल्यामुळे धोका लपून राहतो. फोन उचलणारा केवळ वेळ ठरवून देणारा कारकून असेल, तर ती हेल्पलाइन नसून अपॉइंटमेंट काउंटर आहे, आणि तिची किंमत त्याच हिशेबाने लावावी.

भाषेबद्दल विक्रेते 'अमुक इतक्या भाषांत सेवा' असं सांगतात. विचारायचं ते एवढंच की मराठी बोलणारे समुपदेशक किती आणि ते कोणत्या पाळीत असतात. यादीत मराठी असते आणि रात्री फक्त हिंदी-इंग्रजी असते, ही सर्रास आढळणारी तफावत आहे. शिवाय बॅक ऑफिस, गोदाम, हाउसकीपिंग आणि सुरक्षारक्षकांतले लोक नैराश्य, चिंता असे शब्द वापरून येत नाहीत. ते येतात झोप लागत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, पोटाचं काहीतरी झालंय म्हणून, डोकं चालत नाही म्हणून. समुपदेशकाला यातलं काय ऐकायचं हे कळलं पाहिजे, आणि धडधडीसाठी आधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायला सांगायचं भानही हवं.

पूर्वअटीशिवायचा पहिला संवाद लगेच आणि समुपदेशकाची ठरवलेली पहिली भेट ४८ तासांच्या आत, ही वाजवी अपेक्षा आहे. ती करारात आकड्यानिशी लिहून घ्यावी. 'लवकरात लवकर' या शब्दांना करारात काहीच अर्थ नसतो.

सत्रं किती, आणि नंतर काय

बहुतेक संचांत माणशी तीन ते सहा, कुठे आठ सत्रं मोफत असतात. ती वर्षाला की दर विषयाला, हे नीट वाचावं. दोन्हींत मोठा फरक पडतो. एका कर्मचाऱ्याने एप्रिलमध्ये वडिलांच्या आजारपणात चार सत्रं वापरली आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा संसार मोडायला आला, तर 'वर्षाला सहा' या हिशेबात त्याच्या हाती दोनच उरतात.

अचानक आलेल्या अडचणीसाठी, म्हणजे भांडण, बदली, कर्जाचा ताण, घरातला मृत्यू यांसाठी, चार-पाच सत्रं पुष्कळदा पुरतात. नैराश्य किंवा पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) यांसाठी सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची उपचारपद्धती, करायची तर साधारण ६ ते २० सत्रं लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या भेटीत, जिथे खरं काम सुरू होतं, तिथेच कंपनीची मर्यादा संपते आणि माणूस स्वतःच्या खिशातून मुंबईचे दर भरायला लागतो किंवा थांबतो. यावर दोन उपाय आहेत. एक, सरसकट सगळ्यांची मर्यादा न वाढवता समुपदेशकाच्या शिफारशीवर सत्रं वाढवण्याची तरतूद घालणं. असे लोक थोडे असतात, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. दुसरा, दुसऱ्या सत्रातच समुपदेशकाने ठरवायचं की हे काम इथे पूर्ण होणार आहे की नाही, आणि नसेल तर तेव्हाच पुढचा पत्ता द्यायचा. शेवटच्या सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत 'आता बाहेर कुणाला तरी दाखवा' हे सांगणं अन्यायाचं आहे.

दर सत्राला समुपदेशक तोच राहील, हेही लिहून घ्यावं. दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून कहाणी सांगायला लावणारी सेवा लोक सोडून देतात, आणि अहवालात ते 'प्रकरण बंद' म्हणून मोजलं जातं.

समोर बसलेला माणूस कोण

इथे एचआरने संकोच न करता कागद मागावेत. मनोविकारतज्ज्ञ हा एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर असतो, त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते आणि या क्षेत्रातल्या लोकांत औषधं तोच लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागून तो पडताळता येतो. समुपदेशकांचं प्रकरण थोडं सैल आहे. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि देखरेखीखाली केलेला प्रत्यक्ष सराव ही किमान अट धरावी. सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा किंवा 'सर्टिफाइड लाइफ कोच' ही पात्रता समुपदेशनासाठी चालवून घेऊ नये. विक्रेत्याकडून नावं नकोत, पण पदवी, अनुभवाची वर्षं, भाषा आणि नोंदणीचा प्रकार असा तक्ता मागावा. त्यासोबत हेही विचारावं की समुपदेशकांवर देखरेख कोण करतं आणि महिन्यातून किती वेळा. देखरेख नसलेला समुपदेशक थकतो आणि चुका करतो. ती चूक शेवटी कर्मचाऱ्याच्या अंगावर येते.

अलीकडे संचात चॅटबॉटही असतो. झोपेच्या सवयींची माहिती किंवा श्वासाचा सराव एवढ्यापुरता तो ठीक. चॅटबॉटशी झालेला संवाद 'सत्र' म्हणून मोजायचा नाही, असं एक वाक्य करारात हवंच.

गुप्तता कुठून गळते

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातील कलम २३ नुसार उपचार करणाऱ्यांवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या वेळीच अपवाद करता येतो. कायदा भक्कम आहे, पण कार्यालयात गुप्तता फुटते ती साध्यासुध्या जागांतून.

पहिली जागा तिमाही अहवाल. 'पवई शाखा, लेखा विभाग, महिला, ३० ते ३५, वैवाहिक समस्या : १' अशी ओळ अहवालात आली की विभागातल्या सगळ्यांना नाव कळतं. कुठल्याही गटात दहापेक्षा कमी माणसं असतील तर तो गट वेगळा दाखवायचा नाही, हा नियम करारातच घालावा. दोन निकष एकत्र केल्यावर गट दहाच्या खाली जात असेल, तरीही दाखवायचा नाही. छोट्या कंपनीने विभागवार अहवाल मागूच नये, वर्षाचा एकच आकडा घ्यावा.

दुसरी जागा लॉगिन. कंपनीच्या ईमेलने ॲपमध्ये शिरायचं असेल तर कर्मचाऱ्याला वाटतं की आयटीला दिसतंय, आणि कंपनीच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ते खरोखर दिसू शकतं. संपूर्ण कंपनीसाठी एकच कोड आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा मोबाइल नंबर, ही पद्धत बरी. कॅलेंडरमध्ये भेटीचं निमंत्रण कंपनीच्या ईमेलवर जाता कामा नये.

तिसरी जागा वैद्यकीय प्रमाणपत्र. रजेसाठी आणलेल्या कागदावर 'मनोविकार विभाग' असा शिक्का असतो आणि तो कागद मॅनेजरच्या इनबॉक्समधून, टीम लीडच्या व्हॉट्सॲपवरून फिरत एचआरपर्यंत येतो. उपाय सोपा आहे. आजारपणाची प्रमाणपत्रं थेट कंपनीच्या डॉक्टरकडे किंवा एचआरमधल्या एका ठरलेल्या व्यक्तीकडे जातील, आणि मॅनेजरला फक्त 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैद्यकीय रजा मंजूर' एवढं कळेल. ही पद्धत सगळ्या आजारांना लावावी. फक्त मानसिक आजाराला वेगळी वाट ठेवली तर ती वाट हीच ओळख होऊन बसते.

चौथी जागा ग्रुप मेडिक्लेम. दाव्यांचा मासिक तक्ता टीपीए (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) किंवा दलालाकडून एचआरला येतो आणि त्यात कधी कधी नावासमोर निदान असतं. तो रकाना गाळून पाठवायला सांगावं. एचआरला खर्चाचा एकूण आकडा पुरतो.

वन रूम किचनमधलं व्हिडिओ सत्र

मुंबईत ही अडचण सगळ्यात कमी बोलली जाते. समुपदेशन आता मुख्यतः फोन किंवा व्हिडिओवर होतं, आणि ते ५० मिनिटं एकट्याने बोलता येईल अशी जागा आहे असं धरून चालतं. डोंबिवलीच्या किंवा नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत सासू, नवरा आणि अभ्यास करणारी मुलं असताना बाई काय बोलणार? लोकलमध्ये बोलता येत नाही. कार्यालयात काचेच्या केबिन असतात. मग भेटी रद्द होतात, आणि विक्रेता त्याला 'कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद कमी' असं म्हणतो.

कार्यालयात एक खोली हवी. काच अपारदर्शक, दार आतून बंद होणारं, आवाज बाहेर न जाणारी, एचआरच्या जागेपासून आणि लिफ्टपासून दूर. बुकिंगमध्ये तिचं नाव इतर मीटिंग रूमसारखंच साधं असावं आणि ती इतर कामांनाही वापरली जावी, म्हणजे आत गेलेल्या माणसाकडे कुणी वळून बघणार नाही. ती वापरायला कामाच्या वेळेतला एक तास कुणाच्या परवानगीशिवाय घेता यावा. कल्याण किंवा विरारहून येणाऱ्याचे रोजचे तीन-चार तास प्रवासातच जातात. 'संध्याकाळी सातनंतर घरून करा' हा सल्ला त्याच्यासाठी नसल्यासारखाच आहे. ज्यांना बोलणं शक्यच नाही त्यांच्यासाठी लेखी चॅटवर खऱ्या समुपदेशकाशी संवादाची सोय विचारून घ्यावी.

चाचणी-प्रश्नावलीचा मोह

संचात अनेकदा 'मानसिक आरोग्य तपासणी' असते. पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली त्यात हमखास असते. १० किंवा अधिक गुण आले की पुढे तपासणी करावी, असा सर्वसाधारण निकष आहे. प्रश्नावली चांगली आहे, अडचण नवव्या प्रश्नाची आहे. तो मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारतो. एचआरने ती सर्वेक्षण म्हणून सगळ्यांना पाठवली आणि रात्री दीड वाजता कुणी त्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं, तर ते उत्तर कोण वाचणार, किती वेळात, आणि निनावी असेल तर त्या माणसापर्यंत पोचणार कसं? याचं उत्तर तयार नसेल तर ही प्रश्नावली पाठवू नये. तिची जागा समुपदेशकाकडे आहे, गुगल फॉर्ममध्ये नाही.

एचआरने मोजायचं असेल तर कामाच्या गोष्टी मोजाव्यात : किती जणांचं रोस्टर आठवड्याहून कमी मुदतीत बदललं, रात्री दहानंतर किती कॉल झाले, कुठल्या टीमची साप्ताहिक सुटी किती वेळा मोडली, कुठल्या व्यवस्थापकाखालून लोक सोडून जातात. यातलं बहुतेक सगळं हजेरी आणि पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच पडून असतं.

फुकट मिळणारं, आणि ते कुठे कमी पडतं

टेली मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीसह अनेक भाषांत आहे, आणि समुपदेशकाला गरज वाटली तर कॉल तज्ज्ञाकडे वर जातो. तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे कंपनीशी तिचा काही संबंध नाही. ज्यांचा एचआरवर विश्वास नाही त्यांच्यासाठी हा नंबर ईएपीच्या नंबरइतक्याच मोठ्या अक्षरांत लावावा. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा, कारण तिथे माणूस एकटा असतो आणि फोटो काढू शकतो. मर्यादा ही की तोच समुपदेशक पुन्हा मिळेल, आठवड्यामागून आठवडा काम चालेल, अशी ही सोय नाही.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून आहे. तिथे प्रशिक्षित समुपदेशक फोन, ईमेल आणि चॅटवर बोलतात. लिंगभाव, लैंगिकता, घरातली हिंसा या विषयांवर त्यांची समज अनेक व्यावसायिक विक्रेत्यांपेक्षा खोल आहे. वेळा बदलत आल्या आहेत, त्यामुळे भित्तिपत्रकावर छापण्याआधी त्या दर वेळी खात्री करून घ्याव्यात.

औषधोपचाराची गरज असेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय यांच्या मनोविकार विभागात नाममात्र खर्चात तज्ज्ञ मिळतात. खासगी सल्ल्याला दर भेटीला हजार-दीड हजारांपासून पुढे मोजावे लागतात, तेव्हा हा फरक कमी पगाराच्या कर्मचाऱ्यासाठी मोठा आहे. किंमत मोजावी लागते ती वेळेची. सकाळची ओपीडी, केसपेपरची रांग, मग नंबर, मग औषधांची खिडकी : अर्धा दिवस धरूनच चालावं. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी, मग महिन्याने जावं लागतं, आणि नैराश्यावरची औषधं बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या वर्षाच्या आठ नैमित्तिक रजा यातच संपतात. कारण न विचारता महिन्याला अर्धा दिवस 'वैद्यकीय भेट' म्हणून देणं हा एचआरच्या हातातला अत्यंत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. बऱ्याच महागड्या संचांपेक्षा आम्ही याला वर ठेवू.

विमा : नाव आहे, उपयोग कमी

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांना विमा संरक्षण द्यायचं आहे, आणि विमा नियामकानेही तसं परिपत्रक ऑगस्ट २०१८ मध्ये काढलं. त्यामुळे ग्रुप पॉलिसीत मानसिक आजार असतोच असं एचआर खात्रीने सांगतो. अडचण अशी की बहुतेक पॉलिसी २४ तास दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि मानसिक आजारांचा बहुतांश उपचार ओपीडीत होतो. नूतनीकरणाच्या वेळी दलालाला तीन प्रश्न विचारावेत : मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची ओपीडी फी जोडता येईल का, दाखल होण्याच्या खर्चावर मानसिक आजारासाठी वेगळी कमाल मर्यादा घातली आहे का, आणि स्वतःला इजा केल्यानंतरचा उपचार वगळला आहे का. ही उत्तरं लेखी घ्यावीत.

व्यवस्थापकांचं प्रशिक्षण, जिथे पैसे खरोखर वसूल होतात

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची आणि कामाच्या रचनेत बदल करण्याची शिफारस आहे. विक्रेत्यांच्या संचात मात्र हा भाग दीडशे जणांच्या एका तासाच्या वेबिनारवर आटोपतो. तो घेऊ नये. पंधरा-वीस जणांचा गट, दोन-अडीच तासांची दोन सत्रं, मध्ये तीन-चार आठवडे, आणि अर्धा वेळ प्रत्यक्ष बोलण्याचा सराव, एवढं मिळत असेल तरच पैसे द्यावेत.

सराव वाक्यांचा हवा. 'तुला डिप्रेशन आलंय का?' हे मॅनेजरने विचारायचं नसतं, निदान त्याचं काम नाही. जे दिसलं ते सांगायचं आणि गप्प बसून ऐकायचं : 'गेले दोन आठवडे तू उशिरा येतोयस आणि जेवायलाही आमच्यात बसत नाहीस. एरवी तू असा नसतोस. काही मदत हवी आहे का?' वयाने मोठ्या सहकाऱ्याशी तेच 'तुम्ही' लावून, दार बंद करून, शुक्रवारी संध्याकाळी सोडून इतर कुठल्याही वेळी. शुक्रवारी नको, कारण बोलून झाल्यावर दोन दिवस मदत करणारं कार्यालयातलं कुणी हाताशी नसतं. आणि 'सगळ्यांनाच टेन्शन असतं रे' हे वाक्य वापरायचं नाही, एवढं एकच जरी शिकवलं तरी फरक पडतो.

रजेवरून परत येणाऱ्यासाठीही मॅनेजरला योजना लागते. पहिले दोन आठवडे निम्मे तास किंवा निम्मं काम, मग दोन आठवडे पाऊण, मग पूर्ण. दर आठवड्याला पंधरा मिनिटांची भेट. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून जाणवू शकतात. त्या काळात कामगिरीचं मूल्यमापन ठेवणं चूक आहे. सकाळी गुंगी राहत असेल तर तासभर उशिराची वेळ द्यावी. बायपोलर आजारात (यात मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या नैराश्यात जातं) झोप मोडली की आजार उलटू शकतो, त्यामुळे डॉक्टरने 'रात्रपाळी नको' असं लिहिलं असेल तर ते आजाराचं नाव न विचारता मान्य करावं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजारामुळे येणाऱ्या अपंगत्वाचाही समावेश आहे, आणि समान संधी धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. त्या धोरणात या सवलती लिहिलेल्या असल्या की मॅनेजरच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

सहकाऱ्याचा मृत्यू, अपघात किंवा आत्महत्या झाल्यास विक्रेते लगेच समुपदेशक पाठवतात. हा भाग उपयोगी आहे. मात्र सगळ्या टीमला एका खोलीत बसवून घडलेलं सक्तीने सविस्तर बोलायला लावणारं एकच सत्र टाळावं, त्याने काहींचा त्रास वाढतो. समुपदेशक दोन-तीन दिवस जागेवर हजर राहावा, ज्याला हवं त्याने जावं, आणि महिन्याभराने समुपदेशकाने पुन्हा यावं.

करारातून वगळलेली माणसं

सेवेची किंमत माणशी ठरते आणि माणसं मोजली जातात ती कंपनीच्या पगारपत्रकावरची. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, कँटीन, चालक, गोदामातले कंत्राटी कामगार एजन्सीचे असतात म्हणून यादीत येत नाहीत. रात्रपाळी, अनिश्चित नोकरी आणि साहेबांचा राग या तिन्हींचा मार त्यांनाच जास्त बसतो. त्यांना यादीत घेण्याचा वाढीव खर्च मागून तरी बघावा, कारण वापरानुसार पैसे आकारणाऱ्या करारात तो फारसा नसतो. आणि ॲप त्यांच्यासाठी निरुपयोगी आहे. त्यांना एक नंबर, मराठी-हिंदीतला एक कागद आणि 'हे बोलणं एजन्सीला कळणार नाही' असं पाळी बदलताना समोर उभं राहून सांगणारं माणूस लागतं.

दर वर्षी काय तपासायचं

विक्रेता वापराचं प्रमाण टक्क्यांत दाखवेल. त्यात ॲप उघडणं, वेबिनारला हजर राहणं, ईमेल वाचणं हे सगळं मिसळलेलं असू शकतं. वेगळे आकडे मागावेत : किती वेगवेगळ्या व्यक्तींनी समुपदेशकाशी किमान एक सत्र केलं, त्यांतल्या किती जणांनी दुसरं केलं, पहिल्या भेटीला सरासरी किती तास लागले, किती जणांना पुढे डॉक्टरकडे पाठवलं, आणि मराठीत किती सत्रं झाली. पहिल्या सत्रानंतर निम्मे लोक परत येत नसतील तर समुपदेशक, वेळ किंवा जागा यांत काहीतरी बिघडलेलं आहे. वापर कमी आहे म्हणून करार रद्द करण्याआधी तो नंबर किती कर्मचाऱ्यांना तोंडी सांगता येतो हे विचारून बघावं.

अहवालात सलग दोन-तीन तिमाही 'कामाचा ताण' हेच पहिलं कारण येत असेल, तर ते समुपदेशकाने सोडवायचं काम नाही. रोस्टर दोन आठवडे आधी जाहीर करणं, टीममधली रिकामी जागा भरणं, रात्रीचे संदेश थांबवणं, ओरडणाऱ्या व्यवस्थापकावर कारवाई करणं हे सगळं एचआर आणि व्यवस्थापनानेच करायचं आहे, आणि ते केलं नाही तर पुढच्या वर्षी त्याच ओळीसाठी पुन्हा पैसे भरावे लागतात.

विक्रेता बदलायचा असेल तर जुन्या करारात हे कलम आधीपासून असलं पाहिजे : चालू असलेली सत्रं करार संपल्यावरही ६० ते ९० दिवस त्याच समुपदेशकाकडे पूर्ण होतील, नोंदी नव्या विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे जाणार नाहीत, आणि सत्रं चालू असलेल्या कर्मचाऱ्याला बदलाची सूचना एचआरच्या ईमेलने न जाता समुपदेशकाकडूनच मिळेल.